मेंडेलचे वाटाणे आणि आमचे जर्नल

गणित टळावे म्हणून मी जीवशास्त्र घेतले, हे आधीच कबूल करतो. मेंडेलने १८६६ च्या निबंधात ५४७४ गोल व १८५० सुरकुतलेल्या वाटाण्यांचे प्रमाण २.९६ : १ असेच छापले. आमच्या जर्नलांत मात्र नेमके ३ : १! परवा मण्यांच्या शंभर जोड्या काढल्या. प्रभावी ६८, अप्रभावी ३२. शेजारी म्हणाला, "खोड आणि ७५-२५ कर." मी काय-स्क्वेअर काढला, तो २.६१ आला. ३.८४ च्या आतला फरक योगायोगाचा मानायला हरकत नसते; मग खोडायचे कशाला? (गंमत म्हणजे मेंडेलचेही एकंदर आकडे अपेक्षेशी फारच जुळतात, अशी शंका फिशरने १९३६ साली घेतली होती.) संख्याशास्त्र सूत्रे पाठ करवून नव्हे, पहिल्याच प्रात्यक्षिकात शिकवावे. माझ्या पानावर ६८ च आहेत. सरांची सही अजून व्हायची आहे.