आजारांच्या नावांतले देव आणि ग्रह

"डॉक्टर, बाळाला देवी आल्यात. औषध दिलं तर चालेल ना?" कांजिण्या झालेल्या मुलाचे आईवडील आजही हा प्रश्न विचारतात. तोवर दोन-तीन दिवस घरातच गेलेले असतात. माझ्या मते या उशिरामागे 'देवी' या शब्दाचाही हात असतो. नावातच देव असला की औषध म्हणजे अपमान वाटू लागतो.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं समजू नका.

इन्फ्लुएंझा हा मूळचा इटालियन शब्द. अर्थ 'प्रभाव'. तापाची साथ ग्रहताऱ्यांच्या प्रभावाने येते, अशी तेव्हा समजूत होती. १७४३ मध्ये इटलीत आलेल्या साथीनंतर हा शब्द इंग्रजीत रुळला. माणसातला फ्लूचा विषाणू सापडला १९३३ मध्ये. ग्रह सुटले, नाव राहिलं.

लुनॅटिक हा शब्द 'लूना' म्हणजे चंद्र, यावरून आला. आपल्या देशात १९१२ चा 'लुनसी ॲक्ट' होता. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो रद्द झाला. पण "अमावस्या-पौर्णिमेला जास्त होतं" म्हणत रुग्णाला आधी भगताकडे नेणारी घरं अजून आहेत.

व्हेनेरिअल हा शब्द व्हीनसवरून आला. ती रोमन लोकांची प्रेमदेवता, आणि तेच शुक्र ग्रहाचं इंग्रजी नाव. गंमत म्हणजे यातल्या सिफिलिसवर शतकानुशतके पारा देत. पाऱ्याचं इंग्रजी नाव मर्क्युरी, आणि बुध ग्रहाचंही तेच! त्या पाऱ्याने तोंडाला लाळ सुटे, दात पडत. १९४३ पासून पेनिसिलिन वापरात आलं आणि हा आजार बरा होऊ लागला. मराठीत मात्र आपण अजून 'गुप्तरोग' म्हणतो आणि मग तो खरोखरच गुप्त ठेवतो. लाजेपायी नवराबायको दोघंही विनाकारण त्रास काढतात.

आता पुन्हा देवी. हा शीतलामातेचा कोप मानला जाई. तरीही आपल्याच पूर्वजांनी लसीकरणाला 'देवी टोचणे' असं नाव दिलं आणि मुलांचे दंड पुढे केले. भारतातली पहिली देवीची लस मुंबईत १४ जून १८०२ रोजी एका तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवीचा रोग जगातून गेल्याचं जाहीर केलं. म्हणजे आज ज्याला तुम्ही 'देवी' म्हणता तो देवीचा रोग नाही. बहुतेक वेळा त्या कांजिण्या किंवा गोवर असतो.

माझं म्हणणं एवढंच: शब्द जुने असू द्या, उपचार आजचे घ्या. देवीला नमस्कार करा, घरात कडुलिंबाचा पाला ठेवा, माझी हरकत नाही. पण अंगावर पुरळ आणि ताप दिसला की लगेच डॉक्टरांना दाखवा. कांजिण्यांवर विषाणूविरोधी औषध द्यायचं असेल, तर ते पुरळ उठल्यापासून पहिल्या २४ तासांत सर्वांत उपयोगी पडतं. गरोदर बाई, तान्हं बाळ किंवा मोठ्या माणसाला कांजिण्या झाल्या तर अजिबात थांबू नका. आणि मुलांना मनाने ॲस्पिरिन देऊ नका.

आजार कुठल्याही देवाची शिक्षा नसतो. त्यामुळे औषध घेतल्याने कोणताही देव रागावत नाही.