उपनगरातील मराठी विद्यार्थी आणि इंग्रजीची प्रेरणा

द्वितीय भाषेच्या अध्ययनामागील प्रेरणांचा विचार गार्डनर व लँबर्ट यांच्या मांडणीला वळसा घालून सहसा होत नाही. नोकरी-व्यवसायासाठी भाषा शिकणे ही साधनात्मक प्रेरणा. ती बोलणाऱ्या समाजाशी जवळीक साधण्यासाठी शिकणे ही एकात्मतेची प्रेरणा. १९७२ च्या ग्रंथात विस्तारलेल्या या संशोधनाचा आरंभ मॉन्ट्रिअलमध्ये, फ्रेंच शिकणाऱ्या इंग्रजीभाषक विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून झाला होता. तेथे फ्रेंच बोलणारा समाज शेजारीच होता. मुलुंड-घाटकोपरला इंग्रजी बोलणारा शेजार कोठे आहे?

घाटकोपरच्या मराठी मुलाचा शेजारी बहुधा गुजराती असतो. मुंबईच्या हिंदीत त्यांचे सर्व काही निभावते, आणि गुजराती तर कोणी न शिकवताच त्याला समजू लागते. बहुसांस्कृतिक नगरात संपर्कासाठी इंग्रजी हवी, हे नेहमीचे विधान त्यामुळे तपासूनच स्वीकारावे लागेल. अंधेरीच्या सीप्झमधील नोकरी हे कारण खरे. परंतु पंधरा वर्षांच्या मुलाला नोकरी दूर असते. त्याच्या समोर उभी असते ती अकरावी.

दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला हा विद्यार्थी विज्ञान शाखेत येतो आणि अध्यापनाची भाषा एकाएकी बदलते. कालपर्यंत वर्गात हात वर करणारा मुलगा गप्प बसू लागतो. विषय त्याला कळत असतो; प्रश्न विचारताना वाक्य चुकेल, हे भय असते. या भयाला प्रेरणा म्हणावे काय? आपण त्याला 'इंग्रजीचे आकर्षण' म्हणतो आणि मोकळे होतो. घरात मात्र त्याचा अर्थ अचूक लावला जातो व धाकट्या भावंडाचे नाव इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातले जाते.

२००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली, तरी मराठी शाळांना लागलेली गळती थांबली नाही. उणीव विषयाच्या वर्षांची नव्हती, माध्यमाच्या उंबरठ्यावरची होती. (पहिलीपासूनच्या हिंदीविरुद्ध २०२५ मध्ये केवढे रण माजले! २९ जून रोजी शासनाने दोन्ही निर्णय मागे घेतले. पहिलीपासूनच्या इंग्रजीचा पुनर्विचार मात्र त्या गदारोळातही फारसा झाला नाही.)

मराठी विभागांची भूमिकाही येथे समाधानकारक नाही. अरुण कोलटकर, विलास सारंग दोन्ही भाषांत लिहीत होते, हे आपण अभिमानाने शिकवतो. ती द्वैभाषिकता मोजक्या लेखकांपुरतीच का राहावी, हा प्रश्न आपण टाळतो. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश उपलब्ध आहेत, भौतिकशास्त्राचाही आहे. अकरावीच्या पहिल्या सहामाहीत या कोशांच्या आधारे संज्ञा दोन्ही भाषांतून समजावून देणारे तास मराठीच्या अध्यापकांनी विज्ञानाच्या सहकाऱ्यांसह घेण्यास कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. ज्या महाविद्यालयांत कनिष्ठ आणि वरिष्ठ विभाग एकाच आवारात आहेत, तेथे तर जिना उतरून जाण्याचेच काय ते अंतर आहे.