मुद्दल मोडू नये



आपल्या अंबडजवळच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात, राजा नहपानाचा जावई उषवदात याचा दानलेख आहे. भिक्षूंच्या खर्चासाठी त्याने गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे ३००० कार्षापण ठेवले. अट एकच, व्याज वापरायचं, मुद्दलाला हात लावायचा नाही.

शेजारच्या अकराव्या लेण्यात आपले ऋषभदेव आहेत, अंबिकादेवी आहे. लेणी मुळात बौद्धांची. आपली माणसं तिथे कितीतरी शतकांनी आली. त्यांनी पूजेपुरत्या मूर्ती कोरल्या, शेजारचा लेख मात्र आजही जागेवर आहे.

माझ्या माहेरच्या जुन्या मंदिरात जीर्णोद्धार झाला, तेव्हा दगडी खांबांवर ऑइलपेंट चढला. नक्षी बुजली. वर्षभर सगळं छान चकचकीत दिसलं. मग रंगाखाली ओल कोंडली नि दगडाचे पापुद्रे सुटू लागले.

सोयी नकोत असं मी म्हणत नाही. माझे गुडघे मलाच ठाऊक! कठडा हवा, उतार हवा, दिवे हवेत, प्रवचनाला माइकही हवा. पण ते उद्या काढता येतील असे बसवा. मूळ दगडाला भोक नको. जिथला जुना चुना गेला, तिथे चुनाच भरा, सिमेंट नको.

चातुर्मासात आपण मोठ्या मनाने बोली लावतो. जीर्णोद्धाराला दान देताना एवढं जरूर विचारा, "जुन्या दगडाचं काय करणार?" उत्तर मिळाल्यावरच पावती फाडा.