कपाटाची पाठ

सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार, तीही ऑनलाइन! "हात लावून तरी बघितलीस का?" बायकोचा रोखठोक सवाल. नाही बुवा, फोटो बघूनच पाघळलो. डॅनेलेक्ट्रो म्हणजे अजब चीज. अमेरिकेतल्या नेथन डॅनियलची ही कंपनी १९४७ची. स्वस्त पडावं म्हणून बॉडीला हार्डबोर्ड आणि पिकअप चक्क लिपस्टिकच्या नळ्यांत! तरीही लेड झेपेलिनच्या जिमी पेजने ती वाजवली. मी घेतली ती अर्थात नंतरची आवृत्ती. जुनी परवडतेय कुणाला?

विकणाऱ्या पोराकडे एकच जादा फोटो मागितला, हेडकडून बॉडीकडे नेकच्या कडेवरून काढलेला. नेक वाकलीय का, ते त्यात कळतं. पठ्ठ्याने फोटो धाडला आणि स्वतःच लिहिलं, "जराशी वाकलीय. ट्रस रॉडने सरळ होईल."

"मग विकतोयस का?"

"भाड्याच्या फ्लॅटचं डिपॉझिट भरायचंय."

झालं! सहा वर्षांपूर्वी मी माझी गिटार याचपायी विकली होती. ठरवलेली घासाघीस घशातच राहिली.

खोकं उघडलं. बाबांनी बॉडीवर टिचकी मारली, "अरे, ही तर आपल्या कपाटाची पाठ!" ट्रस रॉड थोडा थोडा पिळला, तारा सुरात लावल्या, अँप सुरू केला. काचेच्या बांगड्यांसारखा किणकिणता आवाज! बाबा पेपर बाजूला ठेवून ऐकत बसले.

रेकॉर्डिंग त्या पोराला पाठवलंय. खाली लिहिलं, "कधी विकायची वेळ आलीच, तर पहिला फोन तुला."