हललेली झाडे

कॅमेरा मुद्दाम हलवून झाडांची छायाचित्रे घेणाऱ्यांस ‘हात कापला वाटते!’ असे हिणविणारे टीकाकार आम्हांस मान्य नाहीत. अमडापूरच्या शिवारातील फुललेला पळस त्यांनी फाल्गुनात सूर्यास्तसमयी पाहावा. घटकाभरात त्याचे तांबडेपण पेटते आणि काळवंडते. कॅमेऱ्याचा पडदा अर्धा सेकंद उघडा ठेवून बुंध्याच्या रेषेने तो वर नेला, की फांद्यांचा तपशील पुसला जाऊन हा पालटता रंगच उरतो. यात खोटे ते काय? उजेड मंदावला की पडदा अधिक वेळ उघडा हवा, हातही त्या मानाने सावकाश हवा. ही साधना आहे.

परंतु बाभूळ, निंब, पळस या सर्वांस एकच झटका देऊन उभ्या पट्ट्या काढणे, यास आम्ही आळस म्हणतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने १८९१ साली पॉप्लर वृक्षांची रांग निरनिराळ्या प्रकाशांत रंगवीत होता. ती झाडे तोडीसाठी विकली गेली, तेव्हा चित्रे पुरी होईतो तोड थांबावी म्हणून त्याने लाकूडव्यापाऱ्यास पदरचे पैसे दिले. त्याला तीच झाडे हवी होती. आमच्याकडे रस्तारुंदीत जुने निंब जात असता त्यांच्या पट्ट्या दिवाणखान्यात टांगणाऱ्यांनी निदान दुसऱ्या दिवशीही त्याच झाडाखाली जाऊन उभे राहावे.