एसी हवा बदलत नाही
घरातला स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच फिरवून गार करतो. दारं-खिडक्या लावून तिघं झोपली की बाहेर सव्वाचारशे पीपीएमच्या आसपास असणारा कार्बन डायऑक्साइड पहाटेपर्यंत खोलीत हजाराच्या वर सहज जातो. डोकं जड होतं, खापर फुटतं उशीवर. त्यात डासांची कॉइल, अगरबत्ती, मिरचीची फोडणी. पूर्वी वाड्याच्या चौकातून असा धूर आपसूक वर जायचा. आपण बाल्कनीला काचा लावून ती खोलीत घेतली आणि वर सोसायटीत मिरवलीही! स्वयंपाकघरात एक्झॉस्ट लावून खिडकी बंद ठेवणारेही आहेतच. पंख्याने हवा ओढायची कुठून? समोरासमोरच्या दोन खिडक्या रोज थोडा वेळ उघडा. हिवाळ्यात मात्र पहाटे नको, तेव्हा धुरकं जमिनीलगत साचलेलं असतं; दुपारी उघडा.