बोट कुठे, स्वर कुठे

साठी उलटल्यावर ल्यूट शिकायला निघालेल्या नवऱ्याला बायको काय म्हणाली असेल, ते वाचकांनी ओळखावं. आमचं दुःख मात्र वेगळंच. गिटारमुळे स्टाफ नोटेशन आम्हाला बऱ्यापैकी वाचता येतं, आणि इथल्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी समोर ठेवलं टॅब्लेचर!

सहा रेघा म्हणजे तारांचे सहा संच. रेघेवर अक्षरं. 'ए' म्हणजे मोकळी तार, 'बी' पहिला पडदा, 'सी' दुसरा. (ही 'सी' काढतात 'आर'सारखी, आणि 'आय'नंतर एकदम 'के', 'जे' गायब!) वर झेंड्यांनी लय. ही फ्रेंच पद्धत झाली. इटलीत आकडे लिहीत, आणि बहुतेक पुस्तकांत रेघांचा क्रमही उलटा. स्वराचं नाव कुठेच नाही. आपल्या भातखंडे लिपीच्या नेमकं उलट. तिथे स्वर कळतो, बोटाचं तुमचं तुम्ही बघा.

आम्ही हट्टाने सगळं स्टाफवर उतरवून घेतलं. वाजवलं तर कोरडं! मास्तर हसले. वरून दुसऱ्या संचावरची मोकळी तार आणि तिसऱ्या संचाचा पाचवा पडदा, दोन्हीकडे एकच स्वर. आम्ही सवयीने मोकळी तार छेडायचो आणि पुढचा स्वर त्याच तारेवर आला की आधीचा मरायचा. टॅब्लेचरमध्ये तो तिसऱ्या संचावर लिहिलेला, म्हणजे दोन्ही घुमतात. चारशे वर्षांपूर्वीच्या वादकाचं बोट कागदावर राहिलंय हो!

मग आम्ही पक्के अक्षरवाले झालो. डाउलंडच्या १५९७ च्या पुस्तकातलं 'कम अगेन' बसवत होतो, गायला वर्गातल्या एक बाई. दुसऱ्याच ओळीत त्या थांबल्या. "खाली काहीच ऐकू येत नाही," म्हणाल्या. चूक आमचीच. झेंडा सांगतो पुढची तार कधी छेडायची. खर्जाचं बोट कधी उचलायचं ते सांगत नाही. आम्ही ते लगेच उचलत होतो. स्टाफवर तो लांब स्वर डोळ्यांना दिसला असता.

बाईंचा आवाज तसा नाजूक, खर्ज नसला की डगमगतो. त्या रात्री आम्ही कपाटात टाकलेले स्टाफचे कागद पुन्हा बाहेर काढले आणि कुठला खर्ज किती वेळ धरायचा, ते टॅब्लेचरवर पेन्सिलीने मारून घेतलं. पुढच्या तालमीला बाई शेवटपर्यंत गायल्या. मास्तरांनी आमचं पेन्सिलीचं पान उचलून पाहिलं आणि झेरॉक्स मागितली.